बोअरच्या पाण्यात ॲमेझॉनचा मासा

नवीन फ्लॅटचं पझेशन मिळालं की पहिल्या सहा महिन्यांत घरात काय काय येणार याची एक ठरलेली यादी असते. भिंतभर टीव्ही. बीन बॅग, जिच्यावर दुसऱ्या महिन्यापासून माणसांऐवजी न घडी केलेले कपडे बसतात. आणि फिश टँक. टँक कुणी वास्तुवाल्याने सांगितलं म्हणून ईशान्येच्या कोपऱ्यात ठेवतं, कुणी सोसायटीत कुत्र्यावरून भांडणं नकोत म्हणून घेतं, तर कुणाला दिवसभर एक्सेल शीट बघून झाल्यावर हलणारं पण न बोलणारं काहीतरी बघायचं असतं. (हे शेवटचं कारण मला सगळ्यात पटतं.)

पुढची स्टोरी मात्र सगळीकडे सेम. दोन फुटी टँक, निळे दगड, प्लास्टिकचं झाड, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा आणि बारा निऑन टेट्रा. पंधरा दिवसांनी मासे सात. महिन्याने तीन. मग दुकानाकडे धाव. दुकानदार पाण्यात एक पट्टी बुडवतो, तिचा रंग बघतो, डॉक्टरांसारखी मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, तुमच्या पाण्याचा पीएच हाय आहे." आणि काउंटरखालून एक छोटी बाटली काढतो.

माझं म्हणणं एवढंच, की ती बाटली तिथेच ठेवा आणि घरी या.

पीएच म्हणजे काय हे आपण दहावीत शिकलो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरलो. सात म्हणजे ना आम्ल ना अल्क, त्याखाली आम्ल, वर अल्क. विसरू नये अशी गोष्ट एकच, की ही पट्टी एकेक घर चढत नाही, दहा-दहा पटीने चढते. म्हणजे ८ चं पाणी ७ पेक्षा 'थोडंसं' जास्त नसतं, दहापट अल्क असतं. हे ऐकून घाबरायला होतं. पण भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात ६.५ ते ८.५ हा पीएच मान्य आहे. त्यामुळे नळाला ८.२ आलं म्हणून कुणाला तक्रारीचा फोन लावायची गरज नाही. पाणी माणसांसाठी ओके आहे. प्रश्न फक्त त्या मोजक्या माशांचा आहे, ज्यांचे पूर्वज ॲमेझॉनच्या खोऱ्यात, झाडांची पानं कुजून चहासारख्या झालेल्या मऊ, आम्ल पाण्यात पोहत होते.

आता त्या बाटलीचा फंडा. तिच्यात असतं पातळ केलेलं ॲसिड, बहुतेक वेळा फॉस्फरिक किंवा सल्फ्युरिक. पाण्यात दहा थेंब टाकले की पीएच ८.२ वरून खाली येतो, पट्टीचा रंग बदलतो, आपण खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर परत ८. परत दहा थेंब, परत खाली, परत वर. माशांना वाटत असणार आपण लिफ्टमध्ये राहतो.

हे होतं कारण खरा हीरो (किंवा व्हिलन) पीएच नाहीच. त्याचं नाव केएच. पाण्यात विरघळलेल्या कार्बोनेट आणि बायकार्बोनेट क्षारांचं मोजमाप. केएच म्हणजे पाण्याचा बँक बॅलन्स समजा. ॲसिड टाकणं म्हणजे पैसे काढणं. खात्यात भरपूर असेल तर दोन-चार वेळा काढून काही फरक पडत नाही. सोड्यात लिंबू पिळल्यावर जसं फसफसतं तसंच इथे गुपचूप चालू असतं: ॲसिड आणि बायकार्बोनेट भेटले की कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो, रात्रभरात तो हवेत निघून गेला की पीएच जवळपास पूर्वीच्या जागी. पण प्रत्येक वेळी बॅलन्स थोडा कमी झालेला असतो. आणि रोज नेमाने थेंब टाकत राहिलात तर एक दिवस खातं रिकामं होतं. त्या दिवशीचे दहा थेंब पीएचला पाचाच्या खाली घेऊन जाऊ शकतात. शिवाय बाटलीत फॉस्फरिक असेल तर शेवाळाला फुकटचं खत.

म्हणून नुसता पीएच सांगणारी पट्टी जवळजवळ निरुपयोगी असं माझं मत आहे. पीएच ८ ची दोन पाणी एकमेकांपासून जमीन-अस्मानाइतकी वेगळी असू शकतात. मुंबईचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा वगैरे सात तलावांतून येतं. ते पावसाचं, क्षार कमी, केएच कमी. पुण्यात पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासल्याचं, पिंपरी-चिंचवडला पवना धरणाचं, तेही सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचंच. अशा पाण्याचा पीएच साडेसात-आठ दिसला तरी त्यात दम नसतो. टँकमध्ये लाकडाचा एक ओंडका ठेवला, मासे थोडे दिवस राहिले, की तो आपसूक उतरतो. याउलट बोअरचं पाणी. दख्खनच्या काळ्या बेसॉल्टच्या भेगांमधून मुरत, कॅल्शियम-मॅग्नेशियम गोळा करत आलेलं. याचा पीएचही आठ, पण मागे बॅलन्स तगडा. हे पाणी तुमच्या दहा थेंबांना हसतं.

आपलं पाणी यातलं कुठलं, हे किट न घेताही अर्धंअधिक कळतं. तुरीची डाळ कुकरच्या चार शिट्ट्यांनंतरही टणक राहते का? साबणाला फेस येत नाही का? नळाच्या तोंडाशी आणि शॉवरच्या काचेवर पांढरे डाग, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर? मग तुमचं पाणी जड आहे. आईला विचारलंत तर ती पट्टी न बुडवता सांगेल.

तरी एकदा मोजाच. थेंबांचं किट घ्या, पीएच, केएच आणि अमोनिया मोजणारं. वीकएण्डच्या एका डिनरच्या बिलात येतं आणि वर्षभर पुरतं. केएच मोजणं तर मजेशीर आहे: ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत जायचं, रंग बदलेपर्यंत पडलेले थेंब म्हणजे तेवढे डिग्री. (एक डिग्री म्हणजे लिटरमागे साधारण १७.९ मिलिग्रॅम.) तीन-चार आलं तर पाणी मऊ, दहाच्या वर गेलं तर बोअर जिंदाबाद. आरओवाला माणूस घरी येऊन जे पेनासारखं यंत्र ग्लासात बुडवून तुम्हाला घाबरवतो ते टीडीएस मीटर. त्यातून एकूण क्षार किती ते कळतं, पीएच किंवा केएच कळत नाही.

आणि हो, नळाखाली ट्यूब धरून लगेच मोजू नका. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, त्यामुळे ताज्या बोअरच्या पाण्याचा पीएच फसवा, कमी दिसतो. बादलीत भरा, एअरपंपचा दगड सोडा, चोवीस तासांनी मोजा. ताजं ७.३ आणि दुसऱ्या दिवशी ८.१ हे अगदी कॉमन आहे. टँकमधलं पाणी मोजाल तर रोज एकाच वेळी मोजा. भरपूर झाडं असतील तर रात्री कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो, दिवसा झाडं तो खाऊन टाकतात आणि पीएच चढतो. हा रोजचा चढउतार मासे निवांत सोसतात, कारण त्यात पाण्यातले क्षार बदलत नाहीत.

मग हाय पीएचने मासे मरतात ते कसे? इथे माझ्या एका मित्राची केस सांगतो, कारण असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. हा वाकडच्या पुढे राहतो, आयटीत आहे. एप्रिलमधला रविवार, रात्री अकराला फोन.

"अरे, टँक साफ केला रे. पाणी बदललं. आणि सगळे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. चार गेले पण."

"किती बदललंस?"

"अर्ध्याच्या वर. खूप दिवस राहिलं होतं ना. प्रोजेक्टचं गो-लाइव्ह होतं, नुसतं कमी झालेलं पाणी वरून भरत होतो."

"क्लोरीन मारलंस?"

"मारलं ना यार. पाणी एकदम क्लीन आहे!"

गेलो त्याच्याकडे. सुदैवाने काढलेलं पाणी त्याने बाल्कनीतल्या झाडांना घालायला बादलीत ठेवलं होतं. ते मोजलं: पीएच ६.५ च्या आसपास, आणि अमोनियाच्या ट्यूबचा रंग तक्त्यावरच्या सगळ्यात गडद हिरव्याला भिडलेला. मग नळाचं मोजलं: पीएच ८.१, केएच तेरा. टँक त्याने गेल्या पावसाळ्यात भरला होता, तेव्हा नळाला धरणाचं मऊ पाणी होतं. आता एप्रिल. सोसायटीत तीन आठवड्यांपासून टँकर चालू होते. नळ तोच, बादली तीच, पाणी मात्र पार वेगळं. त्याला पत्ताच नव्हता.

आता टँकच्या आत काय चाललं होतं ते बघा, कारण सगळा लोच्या इथेच आहे. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. टँकच्या फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया तो खाऊन त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पण हे काम फुकट होत नाही. त्यात केएच खर्च होतो. महिनोन् महिने पाणी न बदललं की बॅलन्स संपत येतो आणि पीएच हळूहळू उतरतो. पीएच उतरला की बॅक्टेरियाही सुस्तावतात, अमोनिया साठायला लागतो. तरीही मासे जिवंत, कारण आम्ल पाण्यात अमोनिया हा अमोनियम नावाच्या जवळपास निरुपद्रवी अवतारात असतो. पंचवीस अंश तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी विषारी भाग अर्धा टक्का म्हणजे नगण्य. पीएच ८ ला तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. साडेआठला पंधरा टक्के. आणि पाणी गरम असेल, म्हणजे एप्रिलमध्ये असतं तसं, तर आणखी जास्त.

माझ्या मित्राचा टँक ६.५ वरून एका संध्याकाळीत आठाच्या जवळ गेला. विषारी अमोनियाचा वाटा त्यामुळे साधारण तीसपट होतो. अर्धं पाणी बाहेर गेलं म्हणजे अर्धा अमोनियाही गेला हे धरलं तरी पंधरापट. वर मऊ पाण्याची सवय झालेल्या अंगाला एकदम जड पाण्याचा झटका. "पाणी बदललं आणि मासे मेले" हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येतं, की लोकांनी त्यातून 'पाणी जास्त बदलू नये' असाच नियम करून टाकलाय. खरं तर जेवढं कमी बदलाल तेवढा पुढचा झटका मोठा.

त्या रात्री आम्ही एवढंच केलं: एअरपंप फुल, अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर बाटलीवर लिहिलेल्या मापाने, दोन दिवस खाणं बंद. टँक आणि नळ यांचा पीएच आता जवळपास एकच झाला होता, त्यामुळे आणखी थोडं क्लोरीन काढलेलं पाणी बदलायला भीती नव्हती. तेही केलं. सकाळपर्यंत निऑन सगळे गेले. वाचले कोण? चार मॉली आणि एक सकर. मॉलींना तर दुसऱ्या दिवशी काही झालंच नव्हतं, खाणं मागत काचेशी नाचत होत्या.

तुमचा टँक असाच महिनोन् महिने राहिला असेल, तर हे वाचून आत्ता बादली घेऊन धावू नका. आधी टँकचं आणि नळाचं पाणी शेजारी शेजारी मोजा. फरक मोठा असेल तर रोज दहा टक्के, दहा-बारा दिवस. माशांना कळणारही नाही. एकदा टँक नळाच्या पाण्याच्या बरोबरीला आला की दर रविवारी वीस-पंचवीस टक्के, नेमाने. यापेक्षा जास्त काही नाही. हा नेम पाळलेला टँक ८.२ ला वर्षानुवर्षं मस्त चालतो.

आता त्या मॉलींकडे परत येऊ, कारण उत्तर त्यांनीच दिलंय. पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याला आवडणारा मासा आणा. मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सगळी मध्य अमेरिका आणि आसपासच्या जड पाण्यातली मंडळी. बोअरचं पाणी त्यांना घरच्यासारखं. गप्पीला लोक 'पोरांचा मासा' म्हणून नाक मुरडतात, पण चांगल्या जातीचे आठ-दहा नर हिरव्या झाडांमध्ये सोडून बघा आणि मग बोला. झेब्रा डॅनिओ आपल्याच देशातला, चिवट, सगळीकडे चालतो. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीचे रेनबो मासे लहानपणी दुकानात अगदी फिकट दिसतात, म्हणून कुणी घेत नाही. वर्षभराने त्यांचा रंग बघण्यासारखा असतो.

आणि ज्यांना काहीतरी हटके हवंय त्यांच्यासाठी आफ्रिका. मलावी सरोवराचा पीएच साधारण पावणेआठ ते साडेआठ, टांगानिकाचा नऊच्या आसपास. तिथल्या सिक्लिड माशांचे निळे-पिवळे रंग बघून समुद्रातले मासे वाटतात. ज्या पाण्यावर तुम्ही वैतागला होता, त्यासाठी युरोपातले शौकीन पाण्यात क्षार विकत घेऊन टाकतात! मलावीच्या माशांना मोठा टँक लागतो आणि ते भांडकुदळ आहेत हे आधीच सांगतो. दोन फुटी टँक असेल तर माझं मत टांगानिकाच्या शेल ड्वेलरला. जेमतेम दीड-दोन इंचाचा मासा, रिकाम्या शंखात घर करतो, तळाची वाळू तोंडाने उचलून आपल्या दारासमोर पाहिजे तशी रचतो आणि बोट जवळ नेलं तर बोटावर धावून येतो. अलिबाग-गणपतीपुळ्याहून आणून शोकेसमध्ये धूळ खात पडलेले छोटे शंख स्वच्छ धुऊन यांना द्या.

हेच शंख-शिंपले निऑनच्या टँकमध्ये मात्र ठेवू नका. शंख, प्रवाळ, संगमरवराचे तुकडे हे सगळं कॅल्शियम कार्बोनेट. ते हळूहळू विरघळून केएच वाढवत राहतं. एकीकडे बाटलीतून पीएच उतरवायचा आणि दुसरीकडे तळाला संगमरवराची खडी पसरायची, असे टँक मी स्वतः पाहिलेत. दगडावर थोडं व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर तो बाहेर. आपल्या नदीतली काळ्या दगडाची खडी आणि गारगोट्या बिनधास्त चालतात. आणखी एक संशयित, खास नवीन बिल्डिंगवाल्यांसाठी: गच्चीवरची सिमेंटची नवीकोरी टाकी. ताज्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि सुरुवातीचे काही महिने पीएच चढा राहतो. तुमच्या मजल्यावर ८.६ आणि शेजारच्या जुन्या सोसायटीत ७.७ येत असेल तर हे कारण असू शकतं. ते आपोआप कमी होतं.

फर्निचरच्या रंगाला निऑनच मॅच होतात असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांनाही नाराज करत नाही. आज दुकानात मिळणारे निऑन जवळजवळ सगळे फार्मवर वाढलेले असतात. त्यांनी ॲमेझॉन पाहिलेलीही नसते. साडेसातपर्यंत ते आरामात राहतात, नीट सवय लावली तर थोडं वरही. पाणी बोअरचं असेल तर आरओ मिसळा. हिशेब सोपा आहे: नळाचा केएच बारा, निम्मं नळाचं आणि निम्मं आरओचं पाणी घेतलं की सहा. साठ लिटरच्या टँकला दर रविवारी बारा लिटर, म्हणजे सहा लिटर आरओ. एवढं घरच्या मशीनमधून निघतं. त्यासाठी त्याच्या दोन-तीन पट पाणी वाया जातं, ते बादलीत धरून फरशी पुसायला वापरा, टँकमध्ये मात्र टाकू नका, त्यात सगळे क्षार एकवटलेले असतात. शंभर टक्के आरओचं पाणीही नको. त्यात बॅलन्स शून्य, कधी कोसळेल भरवसा नाही. आणि मशीनवर काय लिहिलंय ते वाचा. हल्ली 'अल्कलाइन' आरओची फॅशन आहे, त्यात पीएच वाढवणारी कार्ट्रिज असते. म्हणजे हॉलमध्ये पीएच उतरवायला पैसे आणि किचनमध्ये चढवायला पैसे!

डिस्कसच्या नादी मात्र टँकरच्या पाण्यावर लागू नका. तो मासा सुंदर आहे, पण त्याला ऊन, मऊ, अतिशय स्वच्छ पाणी लागतं आणि तुमच्या ऑफिसच्या वेळा त्याला मान्य नाहीत.

बदामाची पानं टाकू का, असं खूप जण विचारतात. आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांवर लाल पानं टाकणारं जे झाड असतं, तेच हे. वाळून गळलेली पानं धुऊन टाकली की पाण्याला चहाचा रंग येतो, माशांना तो भावतो, बेट्टाला तर फार. मऊ पाण्यात पीएच थोडा उतरतोही. केएच तेराच्या पाण्यात काही होत नाही, पण नुकसानही नाही. तुरटी मात्र अजिबात नको. पाणी निवळेल, पीएचही उतरेल, पण त्यातलं ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना भोवतं.

नवीन मासे आणताना दुकानात एकच प्रश्न विचारा: तुमचं पाणी कुठलं? दुकानात धरणाचं आणि घरी बोअरचं असेल तर पिशवी फाडून डायरेक्ट सोडू नका. मासे पिशवीतल्या पाण्यासकट छोट्या बादलीत घ्या, एअरपंपच्या नळीला सैल गाठ मारून टँकचं पाणी थेंब थेंब त्यात पडू द्या, तासाभरात बादलीतलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की जाळीने मासे उचलून टँकमध्ये. बादलीतलं पाणी झाडांना. कोलकाता किंवा चेन्नईहून कुरिअरने मागवलेल्या माशांचा नियम मात्र उलटा. दोन दिवस बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया भरलेला. पिशवी उघडली की गॅस उडतो, पीएच चढतो आणि माझ्या मित्राच्या टँकचा छोटा प्रयोग तुमच्या पिशवीत सुरू होतो. त्यांना बंद पिशवीतच पंधरा-वीस मिनिटं टँकवर तरंगू द्या, तापमान जुळलं की उघडून पटकन हलवा.

राहता राहिलं कॅलेंडर. पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला तुरटी जास्त लागते आणि तुरटी पीएच खाली खेचते, दिवाळीनंतर पाणी स्थिर असतं आणि मार्च-एप्रिलपासून टँकर सुरू. म्हणून एक मोजणी जुलैत आणि एक पहिला टँकर गेटमधून आत शिरला त्या आठवड्यात, पाणी बदलायच्या आधी. टँकर कधी सुरू झाले हे सेक्रेटरीला विचारत बसू नका, त्यांना मीटिंगशिवाय काही सांगता येत नाही. गेटवरच्या वॉचमनकाकांना विचारा. कुठल्या विहिरीचं पाणी आलंय हेसुद्धा ते ड्रायव्हरला विचारून ठेवतात.